ओळखीची पत आणि नोंदीची पत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास हे विषय यावेत हे ओघानेच आले. त्यांच्या पंक्तीला 'क्रेडिट कार्ड' बसवणे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात विजेचे बिल वाढण्यासारखे आहे, असे आपले कार्यवाह विषय ऐकताच गमतीने म्हणाले. तरीही त्यांनी तो मान्य केला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ऋण हाच आजचा विषय असल्यामुळे त्या ऋणाची फेड मुदतीत, म्हणजे नेमून दिलेल्या वेळात भाषण संपवून, करण्याचा मी प्रयत्न करीन.

मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या लेखा खात्यात शिरलो आणि तीस वर्षे इतरांचे हिशेब तपासत आलो. या काळात चार राज्यांत बदल्या झाल्या. आपल्यापैकी पुष्कळांची कहाणी अशीच आहे. म्हणूनच आजचा विषय मला आपल्यासारख्या परप्रांती स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

'पत' हा शब्द आपल्या भाषेत किती खोल रुजला आहे पाहा. पत असते, पत राहते, पत जाते. पतपेढी निघते, पतसंस्था चालते. पैसा आणि अब्रू या दोन गोष्टी मराठी माणसाने या एकाच शब्दात गुंफून ठेवल्या आहेत. गावाकडे ही पत ओळखीवर उभी असे. किराणा दुकानदार वहीत नाव लिहून महिन्याचे सामान देई, कारण 'अमक्यांचा नातू' एवढी ओळख त्याला पुरेशी होती. ती पत खरी होती. पण तिला गावाची वेस ओलांडता येत नसे. पन्नास वर्षांपूर्वी जे मराठी लोक या शहरात आले, त्यांना भाड्याचे घर मिळवण्यासाठीसुद्धा 'हे आमच्या माहितीतले आहेत' असे सांगणारा कोणी तरी शोधावा लागे. आजोबांची पत गावीच राहिली आणि नातवाला येथे शून्यापासून सुरुवात करावी लागली.

सरकारी नोकराला मात्र या बाबतीत एक सोय होती. त्याची बदली झाली की त्याचे सेवापुस्तक आणि शेवटच्या वेतनाचा दाखला नव्या कचेरीत जाई. तेथे त्याला कोणी ओळखत नसले, तरी त्याची नोंद त्याला ओळखत असे. आज सर्वच नागरिकांच्या आर्थिक व्यवहारांसाठी असे एक सेवापुस्तक तयार झाले आहे. ओळखीची पत मागे पडून नोंदीची पत आली आहे, आणि ती गावोगाव, राज्योराज्यी आपल्याबरोबर प्रवास करते. परगावी राहणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. परंतु नोंदीला डोळ्यांची भीड नसते, ही तिची दुसरी बाजू होय. ओळखीचा दुकानदार 'पुढच्या महिन्यात द्या' म्हणून सांभाळून घेई. नोंद सांभाळून घेत नाही.

हे सेवापुस्तक ठेवते कोण? आपल्या देशात २००० साली 'सिबिल' या नावाने सर्वपरिचित झालेली संस्था स्थापन झाली आणि पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. आज सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. कोणी किती कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, क्रेडिट कार्डाची किती मर्यादा होती व त्यापैकी किती वापरली, ही माहिती बँका व वित्तसंस्था त्यांना पुरवतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जाई. जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरा दिवसांतून एकदा कळवणे बंधनकारक झाले. या सर्व नोंदींवरून ३०० ते ९०० या दरम्यानचा एक आकडा काढला जातो. त्यालाच आपण 'स्कोअर' म्हणतो. आकडा जितका वरचा, तितका कर्ज देणारा निर्धास्त.

येथे मला आपल्या इतिहासातील एका प्रसंगाची आठवण करून द्यावीशी वाटते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. या उठावात लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर व खतपत्रांवर होता. ती हिसकावून त्यांनी जाळली. का? कारण आपल्याविषयी काय लिहिले आहे हे देणेकऱ्याला वाचता येत नव्हते, आणि वाचता आले तरी ते पाहण्याचा हक्क त्याला नव्हता. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात देणेकऱ्याला पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मिळण्याची तरतूद करावी लागली. आपली नोंद आपल्याला पाहता आली पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी अशी मोठी किंमत देऊन मिळवले आहे. आजच्या तरुणाला तीच नोंद दूरध्वनीच्या पडद्यावर घरबसल्या दिसते, आणि तरीही ती न पाहणारेच अधिक, ही खेदाची गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष कार्डाकडे वळू. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली 'सेंट्रलकार्ड' काढले, तेव्हा ही वस्तू मूठभर श्रीमंतांची होती. आज ती पहिल्या पगाराबरोबर दारात येते, आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यामुळे चहाच्या टपरीवरही उधारी करता येते. म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करावी: डेबिट कार्डाने आपण स्वतःचे पैसे खर्च करतो, क्रेडिट कार्डाने बँकेचे. कार्डावरची मर्यादा हे उत्पन्न नव्हे; ती आपल्याला मंजूर झालेली कर्जाची कमाल रक्कम होय.

ज्याने कधीच कर्ज घेतले नाही, त्याची नोंद चांगलीही नसते आणि वाईटही नसते, ती नसतेच. केवळ पूर्वीची नोंद नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. तथापि कोऱ्या पाटीपेक्षा चार सुवाच्य ओळी असलेली पाटी केव्हाही बरी. त्या ओळी लिहिण्याचा सोपा मार्ग म्हणजे ज्या बँकेत पगार जमा होतो तेथेच लहान मर्यादेचे कार्ड घेणे. पगार नसेल तर मुदत ठेव तारण ठेवून कार्ड मिळते. ठेवीवरचे व्याजही चालू राहते आणि नोंदही सुरू होते. एका वेळी चार बँकांकडे अर्ज मात्र करू नयेत. प्रत्येक अर्जागणिक बँक आपली नोंद मागवते, ती मागणीही लिहिली जाते, आणि हा तरुण पैशांसाठी दारोदार फिरतो आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

कार्ड हाती आले की दोन तारखा पाठ कराव्यात: बिल निघण्याची आणि बिल भरण्याची. समजा, बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते व २५ तारखेपर्यंत भरायचे असते. ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येईल आणि तिचे पैसे २५ जुलैपर्यंत भरता येतील. म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी मिळाले. हीच खरेदी ४ जूनला केली असती, तर २१ दिवसच मिळाले असते. ही सवलत उत्तम आहे. मात्र ती संपूर्ण बिल भरणाऱ्यासाठीच आहे. बिलातील काही रक्कम जरी मागे ठेवली तरी व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते आणि पुढच्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डाने रोख रक्कम काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय वेगळे शुल्क.

प्रत्येक बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो. तरुणांचा घात करणारा आकडा तोच. त्याचे गणित, माझ्या व्यवसायाला जागून, आपल्यापुढे मांडतो. समजा, ४०,००० रुपये थकले आहेत आणि व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के आहे. ऐकायला हा दर किरकोळ वाटतो. वर्षाला तो ४२ टक्के होतो. महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे २५२ रुपये. एकूण १,६५२. आपण २,००० रुपये भरले, तर मूळ कर्जातून कमी झाले फक्त ३४८ रुपये! दरमहा असेच २,००० रुपये भरत राहिलो आणि कार्डावर एक पैशाचीही नवी खरेदी केली नाही, तरी कर्ज फिटण्यास सुमारे तीन वर्षे सात महिने लागतील आणि ४०,००० रुपयांपोटी ८६,००० रुपयांहून अधिक रक्कम भरली जाईल. 'उधारीचे पोते सव्वा हात रिते' असे आपले पूर्वज म्हणत. या पोत्यात तर निम्मेही धान्य उरत नाही.

हा दर कायद्याने कोणी आवरील, अशी आशाही बाळगू नये. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे येथे लगाम घालायचा तो स्वतःच्याच हाताने.

एक गैरसमज येथेच दूर करतो. थोडी बाकी ठेवली, थोडे व्याज भरले की बँक खूष होते आणि पत वाढते, असे तरुण मंडळी एकमेकांना सांगताना मी ऐकले आहे. हे सर्वस्वी चूक आहे. पत वाढवण्यासाठी एक रुपयाही व्याज भरावे लागत नाही. पत खर्चाने वाढत नाही. वेळेवर केलेल्या पूर्ण फेडीने वाढते. महिन्याचे किराणा सामान किंवा विजेचे बिल, जे आपण एरवीही भरणारच आहोत, एवढेच कार्डावर घ्यावे. मर्यादा ५०,००० असेल तर १५,००० च्या आत राहावे. आणि संपूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. एवढे वर्षभर केले की त्या पाटीवर बारा सुवाच्य ओळी उमटतात. यापेक्षा मोठे रहस्य यात नाही.

या गोष्टी किती किरकोळ वाटतात आणि किती महाग पडतात, याचे एक उदाहरण सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाने पहिल्या नोकरीत असताना एक कार्ड घेतले होते. वर्षभराने नोकरी बदलली, शहर बदलले, दूरध्वनीचा क्रमांकही बदलला. कार्ड कपाटातच राहिले. त्यावर कसलीही खरेदी झाली नव्हती. फक्त वार्षिक शुल्क लागू झाले. त्याची बिले जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि शुल्कावर विलंब आकार, त्यावर व्याज असे करत रक्कम वाढत गेली. पाच वर्षांनी लग्न ठरले, घर पाहिले, विसार दिला, आणि गृहकर्जाच्या अर्जावर उत्तर आले की आपल्या नावावर जुनी थकबाकी आहे. रक्कम भरायला दोन दिवस लागले. नोंद स्वच्छ व्हायला काही महिने. तोवर ते घर दुसऱ्याने घेतले होते. मुलाने कोणाला फसवले नव्हते. त्याने फक्त पत्ता कळवला नव्हता. ज्यांच्या घरात बदली हा पाचवीला पुजलेला प्रसंग आहे, त्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे. शिधापत्रिकेआधी बँकेला नवा पत्ता कळवावा. नको असलेले कार्ड कपाटात ठेवू नये. बाकी चुकती करून ते रीतसर बंद करावे आणि 'येणे बाकी नाही' असे लेखी घ्यावे. कार्ड बंद करण्याची विनंती आल्यास, बाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे, अन्यथा दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केला. न मागितलेले कार्ड गळ्यात मारण्यासही त्याच निर्देशांनी मनाई केली. थकलेल्या रकमेवर 'तडजोड' करून कमी पैशात सुटका करून घेण्याचा मोह मात्र टाळावा. तसा शेरा नोंदीत राहतो, आणि पुढे वाचणारा त्याचा अर्थ 'पूर्ण फेडले नाही' असाच घेतो.

ही नोंद आता केवळ कर्जापुरती राहिलेली नाही. आपल्या मुलामुलींपैकी कित्येक जण बँकांच्या परीक्षांना बसतात. कर्जफेडीच्या प्रतिकूल नोंदींमुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली होती. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. आम्हा सरकारी नोकरांना ही दृष्टी नवी नाही. नित्याचा कर्जबाजारीपणा ओढवणार नाही अशा रीतीने खाजगी व्यवहार सांभाळावेत, हा १९६४ च्या आमच्या वर्तणूक नियमांतील एक नियमच आहे.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. परगावी आपण एकमेकांच्या आधाराने राहतो आणि कोणी जामीन राहा म्हटले तर नाही म्हणवत नाही. आपला हा गुण मोठा आहे. परंतु जामीन राहिलेले कर्ज आपल्याही नोंदीत लागते, आणि मित्राचा हप्ता चुकला तर डाग आपल्या नावावरही पडू शकतो. मुलांच्या शिक्षणासाठी सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर त्या कर्जाचेही तसेच आहे. सही जरूर करावी, पण आपण स्वतः कर्ज घेतो आहोत असे समजून करावी.

दुसरी गोष्ट भगिनींविषयी. घराचा हिशेब पैपैने चोख ठेवणाऱ्या कित्येक गृहिणींच्या नावावर पतीची एकही ओळ नसते. आणि पतीच्या कार्डावर घेतलेले जोडकार्ड वापरले, तरी त्या कर्जाची जबाबदारी आणि त्याची नोंद पतीच्याच नावे राहते. उद्या प्रसंग पडला आणि तिला स्वतःच्या नावे कर्ज हवे झाले, तर तीस वर्षे संसार नेटका चालवणारी ही बाई बँकेच्या लेखी अनोळखी ठरते. तिच्या नावे एक लहानशी ठेव आणि त्या ठेवीवर एक लहानसे कार्ड, एवढ्याने हे चुकते. मुलींच्या बाबतीत तर लग्नाच्या खर्चाआधी ही व्यवस्था व्हावी.

शेवटी पुन्हा सेवापुस्तकाकडे येतो. आमच्याकडे ते दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घेण्याचा नियम आहे. तसाच नियम प्रत्येकाने स्वतःला लावून घ्यावा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, ही तरतूद २०१७ पासून आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात न घेतलेले कर्ज दिसले, फेडलेले कर्ज चालू दिसले, तर तेथेच तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. त्यानेही भागले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार आहे. वाढदिवस कोणी विसरत नाही. त्याच दिवशी अहवाल पाहण्याची प्रथा घराघरांत पाडावी, अशी माझी सूचना आहे.

तरुण मित्रांनो, कार्ड घ्याच असा माझा आग्रह नाही. कार्डाविना सुखाने राहणारी माणसे मी पाहिली आहेत. पण घ्याल तेव्हा ही पहिली ओळ आपण आपल्या हाताने लिहीत आहोत, या जाणिवेने घ्या. आपल्या आजोबांची पत त्यांच्या शब्दावर उभी होती. दिलेला शब्द ते तारखेला पाळत. शब्द पाळण्याची ती सवय हाच त्या पतीचा गाभा होता, आणि नोंदीच्या पतीचा गाभाही तोच आहे. गावाकडून येताना घर, शेत, विहीर बरोबर आणता आली नाही. ही सवय मात्र आणता आली आहे. पुढच्या पिढीने आणखी दूर, आणखी अनोळखी शहरांत जायचे आहे. तेथे ती सवयच त्यांची ओळख करून देईल.